वरच्या मजल्यावरचा आवाज, जिन्यातला ढीग आणि संशयी शेजारी: कुठून सुरुवात करावी

प्रश्नातली परिस्थिती अशी आहे. वरच्या मजल्यावर एक वयस्कर गृहस्थ एकटे राहतात. रात्री अकरानंतर काहीतरी सरकवल्याचा आणि ठोकल्याचा आवाज येतो, त्यांचा टीव्ही खालपर्यंत घुमतो, आणि जिन्यात त्यांच्या जुन्या वस्तूंचे ढीग वाढत चाललेत. बोलायला गेलं की ते अर्धवट दार उघडून म्हणतात, ‘तुम्ही माझ्यावर पाळत ठेवता.’ दोनदा कडाक्याचं भांडण झालंय. आता तक्रार करावी, घर सोडावं की अजून काही मार्ग आहे?

मार्ग आहे, पण ‘वरचे काका त्रासदायक आहेत’ या तक्रारीला नाही. ती कुणालाच सोडवता येत नाही. तुम्हाला नाही, व्यवस्थापनाला नाही, पोलिसांनाही नाही. तिचे तुकडे करा. सरकवण्याचा आवाज, टीव्ही, जिन्यातला ढीग आणि त्यांचा संशय या चार वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या तीन तुमच्या झोपेपर्यंत किंवा तुमच्या वाटेत येतात, त्यांवर काम करता येतं. चौथी त्यांची आहे. माणूस स्वतःशी बोलतो, नमस्काराला उत्तर देत नाही, खिडक्यांना कागद चिकटवतो. यातलं काहीच तुमच्या घरात शिरत नाही. जो त्रास घरात शिरतो तेवढ्याचाच हिशेब मांडायचा आणि बाकीचं सोडून द्यायचं, ही शिस्त पाळली तर निम्मं भांडण तिथेच मिटतं. ‘तुमचं वागणंच असं’ हे वाक्य एकदा तोंडातून गेलं की समोरचा आवाजाबद्दल ऐकूनच घेत नाही.

सगळ्यात जास्त वेळ आवाजावर घालवा, कारण तिथे चुकीचे अंदाज फार होतात.

घरात येणारा आवाज दोन वाटांनी येतो. बोलणं, टीव्ही, गाणी हे हवेतून येतं आणि भिंत ओलांडतं. पावलं, सरकणारी खुर्ची, पडलेली वस्तू यांचा धक्का मात्र थेट फरशीत उतरतो आणि स्लॅब, खांब, तुळया, पाइप यांतून पसरतो. काँक्रीटमध्ये हा धक्का लांबवर जातो. त्यामुळे ‘डोक्यावरच वाजतंय’ असं वाटणारा आवाज दोन मजले वरचा किंवा शेजारच्या बाजूचा असू शकतो. आवाजाची दिशा कानाला बऱ्यापैकी कळते ती तो हवेतून थेट आला तर. अख्खं छत कंप पावत असेल तर कानाला ते छतच बोलताना ऐकू येतं.

म्हणून वर जाण्याआधी आवाज ओळखा. ठरावीक अंतराने सुरू होऊन बंद होणारी घरघर म्हणजे यंत्र: पंप, लिफ्ट, फ्रिजचा कॉम्प्रेसर. एकदा स्वतःचा फ्रिज बंद करून ऐका, कारण तोही दोषी निघतो. नळ किंवा वॉशिंग मशीनचा व्हॉल्व्ह बंद होताच एकदाच ‘धप्प’ झालं, तर तो पाण्याचा दणका. वेगाने वाहणारं पाणी अचानक अडतं आणि पाइप हादरतो. उपाय प्लंबरकडे आहे: पाइपाला पकडी घट्ट करणं, दाब कमी करणं किंवा दणका झेलणारा अरेस्टर बसवणं. गरम पाणी वापरल्यानंतर काही मिनिटं ‘टक्… टक्’ येत राहिलं, तर पाइप गरम-थंड होताना पकडीत घासतोय. या दोन्ही आवाजांचा आळ ‘मुद्दाम ठोकणाऱ्या’ शेजाऱ्यावर सर्रास येतो. आवाज अनियमित असेल, मध्ये खरखर असेल आणि शेवटी ठोका पडत असेल, तर बहुधा फर्निचर. आवाज चालू असताना वेगवेगळ्या भिंतींवर आणि पाइपांवर तळहात ठेवून बघा. कंप जिथे जास्त जाणवेल तिथून शोध सुरू करा.

दोन आठवडे नोंद ठेवा. साधी वही पुरते: तारीख, सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ, कसला आवाज, कुठल्या खोलीत, झोप मोडली का. एवढंच. ‘आज पुन्हा मुद्दाम केलं’ असं लिहू नका, कारण हेतू तुम्हाला ऐकू आलेला नाही. या वहीचे दोन उपयोग. वेळा नियमित निघाल्या तर कारण सापडतं. रोज साधारण एकाच वेळेला सरकणारी खुर्ची म्हणजे कुणीतरी औषध घ्यायला किंवा लघवीला उठतंय. आणि पुढे तक्रार करायची वेळ आलीच, तर चार शिव्यांपेक्षा चौदा ओळी जास्त वजनदार ठरतात. कधीकधी वही उलटंही सांगते. ‘रोज रात्रभर’ वाटणारा त्रास आठवड्यातून तीनदा, वीस-वीस मिनिटांचा निघतो. त्याने त्रास खोटा ठरत नाही, पण मागणी नेमकी होते.

मोबाइलवरच्या डेसिबल ॲपवर फार विसंबू नका. फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो, खोल आवाज तो नीट पकडत नाही. शिवाय नेहमीची मोजणी ‘ए’ भारांकनाने होते, म्हणजे कानाला कमी ऐकू येणारे आवाज आकड्यात कमी धरले जातात, आणि त्यात 63 हर्ट्झचा खोल आवाज सुमारे 26 डेसिबलने कमी धरला जातो. म्हणजे घुमणारा बास छाती हलवत असताना आकडा निरागस दिसतो. तुलनेसाठी आकडा हवाच असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या 1999 च्या मार्गदर्शक सूचना आहेत: झोपण्याच्या खोलीत सलग आवाज 30 डेसिबलच्या आत आणि एखाददुसरा ठोका 45 च्या आत असावा. शांत रात्री खुर्चीची एक खरखर ही मर्यादा सहज ओलांडते. तुमची झोप मोडते ते नाजूकपणामुळे नव्हे.

मात्र आवाजाचा जाच फक्त डेसिबलवर ठरत नाही. तो कोण करतोय, का करतोय, आपल्या हातात काही आहे का, यावरही तो अवलंबून असतो, आणि हे ध्वनित्रासाच्या अभ्यासांतून वारंवार दिसलं आहे. भांडणानंतर तोच आवाज दुप्पट वाटतो, कारण मेंदू आता त्याची वाट बघत जागा असतो. म्हणूनच बोलणी सुधारली की फरशीवर काहीही न बदलता त्रास थोडा उतरतो.

आता बोलणं. आवाज चालू असताना वर जायचं नाही. त्या क्षणी तुम्ही चिडलेले असता आणि ते दचकलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरा किंवा संध्याकाळ होण्याआधी जा. एकटे जा, तीन जण दारात उभे राहिले की संशयी माणसाला तो मोर्चा वाटतो. बेल वाजवून दारापासून दोन पावलं मागे उभे राहा, हात दिसतील असे. त्यांचं ऐकू येणं कमी असण्याची शक्यता धरा: समोरून, चेहऱ्यावर उजेड पडेल असे, सावकाश बोला. ओरडू नका, ओरडण्याने शब्द स्पष्ट होत नाहीत, फक्त चेहरा रागावलेला दिसतो. एका भेटीत एकच विषय काढा.

शब्द साधारण असे: ‘काका, मी खालच्या घरातला. मागे आपलं वाजलं, माझा आवाज चढला होता, तो चढायला नको होता. एका गोष्टीत तुमची मदत हवी होती. रात्री खुर्ची सरकली की खाली फार मोठ्याने ऐकू येतं. तुम्हाला वर कदाचित जाणवतही नसेल. एकदा दिवसा तुम्ही वर खुर्ची सरकवून बघाल का? मी खाली ऐकतो आणि फोन करून सांगतो.’

ही जोडीने केलेली चाचणी माझ्या मते या सगळ्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. आवाज तिथलाच आहे का, हे पाच मिनिटांत कळतं. नसेल तर तुम्ही एका निरपराध माणसाशी भांडत होता, आणि आता तोच आवाज शोधायला तुमच्या बाजूने उभा राहील. असेल तर तो त्यांनी स्वतः केलेला असतो, त्यावर वाद उरत नाही. शक्य असेल तर उलटही करा: तुम्ही वर जाऊन खुर्ची सरकवा आणि त्यांना खाली उभं राहून ऐकू द्या. वर राहणाऱ्याला स्वतःची खुर्ची खाली कशी वाजते याची कल्पनाच नसते. ऐकल्यावर चेहरा बदलतो.

त्यानंतर वस्तूंची कामं.

खुर्च्या-टेबलांना फेल्टच्या चकत्या लावा, 3 ते 5 मिलिमीटर जाडीच्या. चार खुर्च्या म्हणजे सोळा पाय. एक पाय राहिला तरी खरखर राहते. पाय आधी कोरडा पुसा, मग स्पिरिटने, नाहीतर गोंद धुळीला चिकटतो आणि चकती आठवड्यात फरशीवर सापडते. तिरप्या किंवा बारीक पायांना चिकटवायची चकती टिकत नाही. त्यांना तळाशी फेल्ट असलेल्या सिलिकॉनच्या टोप्या घाला. काही महिन्यांनी फेल्टमध्ये कचरा रुततो आणि तो दाबून सपाट होतो, तेव्हा बदला. हा खर्च तुम्ही करा आणि शक्य असेल तर लावूनही द्या. वाकून सोळा पायांना चकत्या लावणं वयस्कर माणसाच्या गुडघ्यांना जमत नाही, आणि बरीच आश्वासनं ‘करतो’ वर थांबतात ती याच कारणाने.

पावलांसाठी अख्ख्या घरात गालिचा नको. पलंग ते स्वच्छतागृह एवढ्या वाटेवर, खाली दाट रबरी किंवा फेल्टचा थर घालून पट्टी टाकली तरी रात्रीचा बराच ठोका मरतो. पण ती घसरणारी नसावी आणि कडा वर आलेल्या नसाव्यात. वयस्कर माणूस अंधारात अडखळून पडला तर आपण उपकाराऐवजी अपघात केला. मागचा भाग रबरी असलेली पट्टी घ्या, कडा दुहेरी टेपने बसवा.

वॉशिंग मशीन हादरत असेल तर आधी मशीन ठेवताना मागचे वाहतुकीचे बोल्ट काढले होते का बघा. ते राहिले तर ड्रम स्प्रिंगवर तरंगत नाही आणि सगळा हादरा फरशीत जातो. मग स्पिरिट लेव्हल ठेवून चारही पाय सारखे करा आणि लॉकनट घट्ट करा. कोपऱ्यावर दाबल्यावर मशीन डुलत असेल तर लेव्हल झालेली नाही. रबराचे पॅड त्यानंतर. डुलणाऱ्या मशीनखाली पॅड घालून काही साधत नाही.

टीव्हीचं कारण समजून घेतलं तर उपाय सोपा होतो. वयानुसार ऐकू येणं कमी होतं ते बहुतेकांचं उंच पट्टीपासून. स, श, फ, त अशी व्यंजनं हरवतात. बोलणं ऐकू येतं पण कळत नाही. मग माणूस सगळाच आवाज वाढवतो. व्यंजनं त्यांच्या कानापर्यंत जेमतेम पोचतात आणि सोबत वाढलेला बास भिंत-फरशी ओलांडून तुमच्याकडे येतो, कारण खोल आवाज अडवणं भिंतींना सगळ्यात अवघड जातं. म्हणून ‘आवाज कमी करा’ ही मागणी त्यांच्या दृष्टीने ‘बघणं बंद करा’ अशी होते. त्याऐवजी टीव्हीच्या सेटिंगमध्ये संवाद स्पष्ट करणारा मोड लावून द्या, बास खाली आणा, टीव्ही सामाईक भिंतीवर टांगला असेल तर स्टँडवर घ्या, स्पीकर जमिनीवर असेल तर उचलून जाड रबरावर ठेवा. सगळ्यात उत्तम म्हणजे बिनतारी हेडफोन किंवा खुर्चीजवळ ठेवायचा छोटा स्पीकर. आवाजाचा उगम कानाजवळ आला की तो मोठा ठेवावाच लागत नाही. आणि कानाची तपासणी झाली तर उत्तमच, पण ते सुचवायचं काम नातेवाइकांचं. शेजाऱ्याने सांगितलं तर टोमणा वाटतो.

तुमच्या बाजूने काय करता येतं? छताला फोम चिकटवू नका. फोम खोलीतला प्रतिध्वनी शोषतो, वरचा ठोका अडवत नाही. अडवायला वजन लागतं आणि मधली जोडणी तोडावी लागते. म्हणजे लवचिक टांगणीवर जड छत, मध्ये पोकळी आणि शोषक थर. हे खर्चिक काम आहे आणि तरीही पावलांचा ठोका वरच्या फरशीवर अडवणं जास्त परिणामकारक. हवेतून येणाऱ्या आवाजासाठी मात्र फटी बुजवणं फार स्वस्तात काम करतं. भिंतीच्या क्षेत्रफळाच्या 1 टक्का जागा उघडी असेल, तर भिंत कितीही जाड असो, एकूण अडवणूक 20 डेसिबलच्या आसपास अडकते. दाराखालची फट, पाइपाभोवतीचं भोक, विजेच्या बोर्डामागची पोकळी बघा. पलंग सामाईक भिंतीपासून हातभर दूर घ्या. पंख्यासारखा सलग, एकसुरी आवाज ठोक्यांचा उठाव कमी करतो. फोमचे इअरप्लग वापरायचे तर बारीक वळा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर-मागे ओढा, प्लग आत सारा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरा. नुसता कानाच्या तोंडाशी कोंबलेला प्लग जवळजवळ निरुपयोगी असतो.

काही गोष्टी अजिबात करू नका. काठीने छत ठोकणं ही पहिली. उगम नक्की नसताना तुम्ही भलत्यालाच ठोकत असाल, आणि ‘माझ्यावर पाळत आहे’ असं मानणाऱ्या माणसाला तो पुरावाच मिळतो. सहीशिवाय दारात टाकलेली चिठ्ठी धमकीसारखी वाचली जाते. इमारतीच्या ग्रुपवर नाव घेऊन लिहिलेला मेसेज मागे घेता येत नाही. ज्याची चारचौघांत अब्रू गेली तो मग नमतं घेत नाही. त्यांच्या दाराकडे कॅमेरा रोखू नका आणि त्यांचं बोलणं गुपचूप रेकॉर्ड करू नका. अनेक ठिकाणी ते कायद्यात बसत नाही.

जिन्यातल्या ढिगाबद्दल भाषा ‘कचरा’ ही नको. वस्तू टाकताना असह्य त्रास होणं हा 2013 पासून मानसिक विकारांच्या डीएसएम-5 या वर्गीकरणात स्वतंत्र विकार म्हणून नोंदलेला आहे. काकांना तो आहे की नाही हे ठरवणं आपलं काम नव्हे, पण त्यातून एक व्यवहार शिकण्यासारखा आहे: त्यांच्या पाठीमागे एका दिवसात सगळं उचलून नेलं तर जागा पुन्हा भरते आणि विश्वास कायमचा जातो. मागणी फक्त वाटेची ठेवा. जिना पूर्ण रुंदीने मोकळा, दारं पूर्ण उघडतील अशी, मीटर आणि विजेच्या पेटीसमोर काही नाही, जळाऊ वस्तू वाटेत नाहीत. धूर भरलेल्या अंधाऱ्या जिन्यात माणूस चाचपडत उतरतो, तिथे एक खोकंसुद्धा जिवावर बेततं. ‘हे कुठे ठेवू या?’ असं विचारा, एका वेळी एक कोपरा घ्या आणि प्रत्येक वस्तूचा निर्णय त्यांच्याकडे ठेवा. काकांचं नाव न घेता सगळ्यांना लागू होईल असा जिना मोकळा ठेवण्याचा नियम व्यवस्थापनाने काढला तर आणखी बरं. मात्र वाट खरोखर बंद झाली असेल तर महिनोन्महिने थांबायचं नाही. लेखी कळवा, तेही लगेच.

‘तुम्ही पाळत ठेवता’ याला उत्तर देताना दोन टोकं टाळा. ‘छे, वेड्यासारखं काय बोलता’ म्हणालात तर तुम्ही शत्रू ठरता. ‘हो का, कोण ठेवतंय?’ म्हणालात तर संशय पक्का होतो. मधलं वाक्य असं: ‘तुम्हाला असं वाटतंय म्हणजे किती अस्वस्थ होत असेल. मी पाळत ठेवत नाही. मी फक्त खुर्चीबद्दल बोलायला आलोय.’ एकदाच, शांतपणे. पटवून देण्याचा प्रयत्न नको. जिन्यात हळू आवाजात बोलणं आणि त्यांच्या दाराशी घोळका करणंही टाळा. कमी ऐकू येणाऱ्याला अर्धवट कानावर पडलेलं बोलणं आपल्याबद्दलचंच वाटतं.

बदल किती वेगाने झाला हे मात्र नीट बघा. वर्षानुवर्षं असेच असलेले काका वेगळे, आणि चार दिवसांत अचानक भरकटलेलं बोलू लागलेले, दिवस-रात्र न कळणारे काका वेगळे. म्हाताऱ्या माणसात असा झटपट बदल जंतुसंसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं किंवा औषधाचा परिणाम यामुळे होऊ शकतो आणि त्याला त्याच दिवशी डॉक्टर लागतो. महिन्यांच्या अंतराने वाढत गेलेला विसराळूपणा आणि संध्याकाळनंतरची येरझार स्मृतिभ्रंशात दिसते. ती जवळच्या नातेवाइकाला कळवा. कळवताना जे पाहिलं तेवढंच सांगा, रोगाचं नाव घेऊ नका. दार बरेच दिवस उघडलं नाही, आतून उत्तर नाही, गॅसचा वास आला, कुणी शस्त्र दाखवलं किंवा जिवे मारण्याची धमकी दिली, तर स्वतः दार ठोठावत बसू नका. आपत्कालीन सेवेला फोन करा.

बोलण्यातून काही ठरलं तर ते नेमकं ठरवा. ‘जरा बघतो’ यात मोजण्यासारखं काही नाही. ‘रात्री दहानंतर टीव्ही हेडफोनवर, खुर्च्यांना चकत्या, दोन आठवड्यांनी पुन्हा बोलू’ हे मोजता येतं. त्याच संध्याकाळी दोन ओळींत लिहून पाठवा आणि आभार माना. सुधारणा झाली की तेही आवर्जून सांगा. तक्रार घेऊन येणारा माणूस चांगलंही सांगायला येतो हे कळलं की दार पूर्ण उघडायला लागतं. ठरलेलं एक-दोनदा मोडेल. नव्वद टक्के पाळलं जात असेल तर राहिलेल्या दहा टक्क्यांसाठी वर जाऊ नका.

दोन-तीन प्रयत्नांनंतरही काही हललं नाही, तर तिसरा माणूस आणा: दोघांनाही चालेल असा, तुमचा मित्र नव्हे. त्याने आधी दोघांना वेगवेगळं भेटावं, मग एकत्र. एक बोलताना दुसऱ्याने थांबावं आणि गेल्या वर्षाचा हिशेब न काढता पुढच्या महिन्याचं बोलावं. तेही फसलं तर घरमालक किंवा व्यवस्थापनाला लेखी तक्रार, सोबत वहीतल्या नोंदींची प्रत, काय काय करून पाहिलं ते आणि एकच स्पष्ट मागणी. प्रशासनाची पायरी त्यानंतर. हा क्रम पाळायचं कारण सरळ आहे: वरची प्रत्येक पायरी ‘आधी काय केलंत?’ असं विचारते.

आणि घर बदलायचंच ठरलं, तर नवं घर दिवसा बघून ठरवू नका. रात्री दहाच्या सुमारास जा, झोपण्याच्या खोलीत दिवा आणि पंखा बंद करून पंधरा मिनिटं गप्प उभे राहा. लिफ्टची खोली, पंप आणि पाण्याचे मोठे पाइप कुठल्या भिंतीला लागून आहेत ते विचारा, आणि वरच्या मजल्यावर कोणती खोली कुणाच्या डोक्यावर येते तेही. वरचं स्वयंपाकघर तुमच्या झोपण्याच्या खोलीवर येत असेल, तर शेजारी कितीही सज्जन असला तरी भल्या पहाटे भांडी वाजणारच.